सेटअपला हात लावण्याआधी दहा लॅप

(या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

आजचा विषय बरेच दिवस रांगेत होता. सिम रेसिंगवर बोललो की हमखास एक मागणी येते, "तुमचा सेटअप पाठवा ना." कुणी विचारतं, मॉन्झाला विंग किती ठेवायची? कुणी म्हणतं, मी १ मिनिट ५१ सेकंदांवर अडकलोय, इंटरनेटवरचे तीन सेटअप घालून बघितले, उलट अजून हळू झालो, आता नवीन पेडल घ्यावेत म्हणतो.

पेडल घेऊ नका. निदान हा भाग संपेपर्यंत तरी.

आपल्यातल्या बहुतेकांना रात्री जेवणं आटोपल्यावर तास-दीड तास मिळतो. घरातले झोपलेले असतात, हेडफोन लावायचा आणि बसायचं. तो तास गराजच्या स्क्रीनवर आकडे खालीवर करण्यात गेला, की गाडी चालवायची राहूनच जाते. म्हणून आज सेटअपवर बोलू, पण ज्या क्रमाने बोलायला हवं त्या क्रमाने. माझं म्हणणं एवढंच आहे की सेटअप तुम्हाला थेट वेग देत नाही. गाडी दर वेळी सारखीच वागेल एवढा भरवसा तो देतो, आणि त्या भरवशावर वेग तुम्ही काढता. पण गाडी सारखी वागते की नाही हे कळायला आधी तुम्ही सारखं चालवायला हवं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरतो. गेम असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, आपण सगळे ज्याला एसीसी म्हणतो तो. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन स्टुडिओचा, २०१९ साली पूर्ण स्वरूपात आलेला. या लोकांनी आपलं ऑफिस रोमजवळच्या वालेलुंगा रेस ट्रॅकवर थाटलं होतं, म्हणजे खिडकीबाहेर खऱ्या गाड्यांचे आवाज! गाडी जीटी३ वर्गातली कुठलीही. ट्रॅक मॉन्झा, लांबी ५.७९३ किलोमीटर, वळणं ११. तुम्ही ग्रॅन तुरिस्मो खेळत असाल किंवा फोर्झा, तरी आजचं बहुतेक सगळं लागू पडेल. टायर आणि वजन यांचे नियम गेम बदलला म्हणून बदलत नाहीत.

आधी दहा लॅप

प्रॅक्टिस सुरू करा. हवामान कोरडं, तापमान ठरावीक, पेट्रोल ठरावीक, समजा ३० लिटर. गेममध्ये प्रत्येक गाडीला तयार सेटअप असतात, त्यातला 'सेफ' नाहीतर 'ॲग्रेसिव्ह' घ्या. आणि दहा लॅप मारा. कशालाही हात लावायचा नाही. दहाही लॅपचे वेळ वहीत लिहायचे. खरीखुरी वही, पेन.

आता सगळ्यात चांगला लॅप आणि सगळ्यात वाईट लॅप यातला फरक बघा. घसरून गवतात गेलेला लॅप सोडून द्या. समजा चांगला १:४९.२ आहे आणि वाईट १:५१.०. म्हणजे फरक पावणेदोन सेकंदांच्या वर. तुम्ही अँटी-रोल बार एक क्लिक बदलला, तर त्यातून मिळून मिळून एखाद-दोन दशांश सेकंद मिळणार. तुमचाच लॅप पावणेदोन सेकंद इकडेतिकडे होतोय, तर ते दोन दशांश दिसणार कसे? भाजी मंडईत लोक ट्रकसाठीच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी मोजत नाहीत, तसंच आहे हे. काटा खोटा नाही, पण त्या कामाचा नाही.

इंटरनेटवरचा सेटअप घातला आणि वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारली, तर तो सेटअपचा गुण की त्या लॅपला आस्कारी नीट जमलं म्हणून? सांगता येत नाही. म्हणून पहिलं लक्ष्य असं ठेवा: दहापैकी आठ लॅप अर्ध्या सेकंदाच्या पट्ट्यात आले पाहिजेत. ते होईस्तोवर गराज बंद.

आणि हो, एक फुकटची गोष्ट. गेममधला दृष्टीचा कोन, ज्याला एफओव्ही म्हणतात, तो तुमच्या स्क्रीनची रुंदी आणि डोळ्यांपासूनचं अंतर यांच्या हिशेबाने लावा. खूप मोठा ठेवला की वळणं लांब दिसतात आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज चुकतो. हिशेब करून देणारी पानं नेटवर ढिगाने आहेत. पाच मिनिटांचं काम.

एसटीत उभं राहून

आता थोडं टायरविषयी. तुम्ही एसटीत उभ्याने प्रवास केलाय ना? ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. घाटात डावं वळण आलं की सगळे उजवीकडे. गाडीच्या वजनाचंही तेच होतं. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर जातं, रेस दिली की मागच्या चाकांवर, वळलात की बाहेरच्या चाकांवर. ज्या चाकावर वजन, त्याला पकड. ज्याच्यावरून वजन निघून गेलं, ते हलकं पडतं आणि सुटतं.

दुसरी गोष्ट, टायरकडे पकडीचा साठा ठरलेला असतो. तो तुम्ही ब्रेकसाठी वापरा, वळण्यासाठी वापरा, नाहीतर दोन्हींत वाटून वापरा. सगळा ब्रेकला दिलात तर वळायला काही उरत नाही. म्हणून वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नसतो. जसजसं स्टिअरिंग वळत जाईल, तसतसा पाय हलका करायचा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. नाव मोठं आहे, पण घाटातला जुना ड्रायव्हर नाव न घेता हेच करतो.

तिसरी गोष्ट हवेची. जीटी३ गाडीला मागे विंग असते, ती हवेच्या जोरावर गाडीला जमिनीवर दाबते. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २५० ला जेवढा दाब असतो, त्याच्या साधारण एक दशांशच ताशी ८० ला उरतो. करून बघा गुणाकार. म्हणजे मॉन्झाच्या सरळ रस्त्याच्या शेवटी तुम्ही ब्रेक दणकून मारू शकता, पण वेग उतरत गेला की तेवढाच जोर चाकांना झेपत नाही. त्यामुळे सुरुवातीला जोरात, मग हळूहळू हलका. जीटी३ गाड्यांना एबीएस असतं, खऱ्यातही असतं, पण पाय शेवटपर्यंत दाबून एबीएसच्या भरवशावर वळायला गेलात तर गाडी सरळच जाणार.

मॉन्झाची एक फेरी

आता चक्कर मारू. पहिलं वळण म्हणजे रेत्तिफिलोची शिकेन, आधी उजवं, लगेच डावं. इथे अडीचशेच्या वरून थेट शहरातल्या वेगावर यायचं असतं. कडेला मीटरच्या पाट्या आहेत. एक पाटी धरा आणि रोज तिथेच ब्रेक मारा. अडीचशेच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास ७० मीटर जाते, म्हणजे एक दशांश सेकंद उशीर झाला तर ७ मीटर. 'अंदाजाने' ब्रेक मारणाऱ्याची वेळ इथेच इकडेतिकडे होते.

पुढे कुर्वा ग्रांदे, लांबलचक उजवं वळण. जीटी३ ला कोरड्यात इथे पाय उचलावा लागत नाही, आणि ज्यांचा उचलला जातो त्यांची शिकेनमधून बाहेर येतानाची लाइन चुकलेली असते. मग रोज्जिया, ही डावी-उजवी शिकेन. इथे आतल्या कर्बवरून गाडी न्यावीच लागते, पण जास्त चढवली की उडते.

मग लेस्मोची दोन उजवी वळणं. दुसऱ्या लेस्मोमध्ये घाई करू नका, कारण त्यानंतर जुन्या तिरप्या ओव्हलच्या पुलाखालून जाणारा मोठा सरळ पट्टा आहे. लेस्मोतून बाहेर पडताना वेग कमी राहिला तर ती कमी त्या पट्ट्यावर बराच वेळ तुमच्याबरोबर येते. मग आस्कारी, डावं-उजवं-डावं. इथे पहिल्या डाव्यात लोभ केला की पुढची दोन वळणं हातची गेली. शेवटी पाराबोलिका, हिला आता अल्बोरेतोचं नाव दिलंय. लांब उजवं वळण, आणि लगेच सुरुवात-शेवटाचा सरळ रस्ता. मॉन्झाचं सगळं गणित हे: आत जाताना एक दशांश गेला तर चालेल, बाहेर येताना रेस लवकर आणि पूर्ण देता आली पाहिजे.

आता गाडीची तक्रार ऐका

समजा तुमचे लॅप अर्ध्या सेकंदात यायला लागले. आणि तरीही एका ठिकाणी गाडी त्रास देतेय. आता गराज उघडायचं, पण आधी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. कुठे? कधी? आणि तेव्हा माझे पाय काय करत होते?

'गाडी वळत नाही' ही तक्रार अर्धवट आहे. वळणात शिरताना वळत नाही, मध्ये वळत नाही की रेस दिल्यावर नाक बाहेर जातं? शिरताना वळत नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही वेग जास्त ठेवलाय किंवा ब्रेक अजून दाबून धरलाय. तिथे सेटअपचा काही दोष नाही. मागचा भाग शिरताना सुटत असेल तर रिप्ले बघा. ब्रेकवरून पाय झटक्यात उचलला का? उचलला असेल तर पाय सुधारा. नसेल, पाय हळू सुटत असूनही शेपूट फिरत असेल, तर ती गाडीची तक्रार आहे.

मग बघा, त्रास हळू वळणात आहे की वेगवान वळणात. फक्त आस्कारी आणि पाराबोलिकात मागची चाकं हलकी वाटतात, शिकेनमध्ये ठीक आहे, तर बोट विंगकडे आणि गाडीच्या उंचीकडे जातं, कारण हवेचा दाब वेगातच काम करतो. शिकेन आणि लेस्मोतच त्रास असेल तर अँटी-रोल बार, ब्रेकची वाटणी, ट्रॅक्शन कंट्रोल. एवढी एक विभागणी लक्षात ठेवलीत तरी अर्धी पानं बघायची गरज उरत नाही.

कुठल्या क्रमाने बदलायचं

पहिली टायरची हवा. पेट्रोल पंपावर आपण काचेतून हात काढून 'बत्तीस' म्हणतो तेच ते. एसीसीच्या आताच्या आवृत्तीत कोरड्यातल्या स्लिक टायरला गरम झाल्यावर साधारण २६ ते २७ पीएसआय हवा असते. 'गरम झाल्यावर' हे महत्त्वाचं. तीन-चार लॅपनंतर स्क्रीनवर आकडे बघा आणि गराजमध्ये तेवढा फरक कमी-जास्त करा. टायरमधली हवा १० अंश तापली की दाब एक पीएसआयच्या थोडा वर जातो, हे शाळेतलंच विज्ञान. म्हणजे काल २२ अंशांत नीट बसलेली हवा आज ३० अंशांच्या सर्व्हरवर जास्त होणार. हवा रोज बघायची, बाकी काही बदलो न बदलो.

दुसरी ब्रेकची वाटणी. पुढे सरकवली की ब्रेक मारताना गाडी स्थिर, पण नाक जड. मागे सरकवली की गाडी चटकन वळते, आणि चटकन फिरतेही. नवीन असाल तर थोडी पुढेच ठेवा. ही चालवता चालवता बदलता येते, तिचं बटण स्टिअरिंगवर लावून ठेवा.

तिसरं ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस. यात लाज वाटून घेऊ नका. टीसी कमी केलं की आपण मोठे ड्रायव्हर झालो असं काही नसतं. वीस मिनिटांच्या शर्यतीत टायर तापून मऊ झाल्यावर एक आकडा जास्त ठेवलेलं टीसी तुम्हाला ट्रॅकवर ठेवतं.

चौथी विंग. मॉन्झाला लोक विंग पार खाली आणतात, कारण सरळ रस्ते लांब. बरोबर आहे, पण विंग कमी केल्यावर आस्कारीत तुम्ही घाबरून पाय उचलायला लागलात, तर सरळ रस्त्यावर कमावलेलं तिथे घालवलंत. जेवढ्या विंगवर तुम्ही आस्कारीत न बिचकता जाता, तेवढी तुमची विंग.

पाचवे अँटी-रोल बार. लेस्मोच्या मध्यावर नाक बाहेर जातंय, पाय नीट आहेत, हवा नीट आहे, तर पुढचा बार एक-दोन क्लिक मऊ करा. पुढच्या चाकांना पकड मिळते. पण याची किंमत आस्कारीत मोजावी लागते. तिथे डावं-उजवं पटकन करताना गाडी सुस्त वाटेल. सेटअपमध्ये फुकट काही मिळत नाही, एका वळणात घेतलेलं दुसऱ्या वळणात थोडंफार परत द्यावंच लागतं. तुमच्या लॅपमध्ये कुठल्या वळणाचं वजन जास्त, हे वहीवरून ठरवायचं.

आणि शेवटी स्प्रिंग, बम्पस्टॉप आणि डॅम्पर, म्हणजे आपले शॉकअप. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन महिने या पानांवर गेला नाहीत तरी चालेल.

नियम एकच: एका वेळी एक गोष्ट. बदला, पाच लॅप मारा, लिहा, आणि मग जुनी किंमत परत लावून पुन्हा तीन लॅप मारा. हे परत मागे जाणं कुणी करत नाही. पण जुन्यावर परत आल्यावरही वेळ सुधारलेलीच राहिली, तर समजायचं की सेटअप नाही, तुम्ही सुधारलात. ही आनंदाचीच बातमी आहे.

दुसऱ्याचा सेटअप

मग दुसऱ्याचे सेटअप वाईट का? अजिबात नाही. पण ते कुणासाठी केलेत ते बघा. वेगवान लोकांना मागचा भाग सैल लागतो, कारण ते ब्रेकवरच गाडी वळवतात. तुमचा पाय अजून तेवढा बसलेला नसेल तर तीच गाडी तुम्हाला प्रत्येक शिकेनमध्ये फिरवेल. शिवाय क्वालिफाइंगचा सेटअप थोड्या पेट्रोलवर केलेला असतो. शर्यतीला ६० लिटर भरलंत तर जवळपास ४५ किलो वजन वाढलं, एक शाळकरी पोरगं गाडीत बसवल्यासारखं. तेवढ्याने ब्रेकची पाटी मागे येते.

यात एक गोष्ट फक्त आपल्या वेळेपुरती नाही. ऑनलाइन शर्यतीत पहिल्या लॅपला रेत्तिफिलोमध्ये वीस-पंचवीस गाड्या एकदम ब्रेक मारतात. तिथे ज्याची गाडी त्याच्याच ताब्यात नाही, तो एकटा फिरत नाही, तीन जणांना घेऊन जातो. त्या तिघांनीही दिवसभर वाट बघून हा एक तास काढलेला असतो. दोन दशांश हळू पण हातात असलेली गाडी घेऊन शर्यतीला येणं हा आपल्या छंदातला साधा शिष्टाचार आहे. आणि शेवटच्या लॅपपर्यंत ट्रॅकवर राहणारा माणूस पुष्कळदा वरच्या क्रमांकावर येतो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

हे कौशल्य खऱ्या रस्त्यावर उतरतं का, असंही विचारतात. यान मार्डनबरोचं नाव बऱ्याच जणांनी २०२३ च्या सिनेमामुळे ऐकलंय. २०११ ची जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकून तो खेळाडूचा व्यावसायिक रेसर झाला, २०१३ साली ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. पण नीट बघा, गेममधून त्याच्यासोबत काय गेलं? पाटी धरून ब्रेक मारणं, लॅपमागून लॅप तेच करणं, गाडी काय सांगतेय ते ओळखणं. गराजमधले आकडे काही त्याच्यासोबत गेले नाहीत. गाडी बदलली की आकडे मागे राहतात.

तर मंडळी, गृहपाठ. या आठवड्यात मॉन्झा, एकच गाडी, तयार सेटअप, दहा लॅप. चांगला, वाईट आणि मधला फरक वहीत. पेडलचे पैसे खिशातच राहू द्या. दहापैकी आठ लॅप अर्ध्या सेकंदात आले की मग हवा बघा, आणि मला कळवा की पहिली गोष्ट कुठली बदललीत आणि का बदललीत. 'का' नक्की लिहा, सेटअपचे आकडे नाही लिहिलेत तरी चालेल.

पुढच्या भागात पाऊस. ओल्या ट्रॅकवर लाइन का बदलते आणि कोरड्यातली शहाणी माणसं तिथे का घसरतात, त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि रात्री हेडफोन लावूनच खेळा, शेजाऱ्यांना सकाळी उठायचं असतं. भेटू.